बॅटमॅन असताना शॅडोला जागा आहे का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत बॅटमॅनच्या येऊ घातलेल्या चित्रपटांवरचा लेख वाचला. त्यात ओघात एक विधान आले आहे : रात्री काळ्या डगल्यात फिरून गुन्हेगारांना स्वतःच शासन करणारा एकच नायक पडद्यावर टिकतो, त्याच वळणाचा दुसरा आला, की दोघांपैकी एकाला जावे लागते. पुरावा म्हणून शॅडो या जुन्या मासिकांतल्या नायकावरच्या 'द शॅडो' या १९९४च्या चित्रपटाच्या अपयशाचा दाखला दिला आहे. हे मत सर्रास ऐकू येते. पण त्या चित्रपटाचे आकडे आणि त्याच्या आगेमागे आलेल्या चित्रपटांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर निष्कर्ष वेगळा निघतो. असे नायक एकत्र नांदतात, नव्वदएक वर्षे नांदत आले आहेत. दुसरा चित्रपट बुडतो तो न झेपणाऱ्या खर्चाने, चुकीच्या तारखेने आणि पहिल्याची कातडी अंगावर ओढल्याने.

आधी थोडा इतिहास. आजच्या प्रेक्षकाला बॅटमॅन मूळचा आणि शॅडो त्याची नक्कल वाटतो. क्रम उलटा आहे. ३१ जुलै १९३० रोजी अमेरिकन रेडिओवर 'शॅडो' हा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने आपल्या रहस्यकथांच्या नियतकालिकाचा खप वाढावा म्हणून तो निवेदक ठेवला होता. लोक स्टॉलवर जाऊन त्याऐवजी शॅडोचेच मासिक मागू लागले, तेव्हा एप्रिल १९३१मध्ये ते खरोखर काढावे लागले. पत्रकार आणि जादूगार असलेले वॉल्टर गिब्सन ते मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाने लिहीत. १९४९पर्यंत निघालेल्या ३२५ अंकांतल्या २८२ कादंबऱ्या एकट्या गिब्सन यांच्या. बॅटमॅन आला मे १९३९च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात. त्याची पहिलीच सहा पानी गोष्ट नोव्हेंबर १९३६च्या एका शॅडो कादंबरीवर बेतलेली होती. धंद्यातले भागीदार एकामागून एक मारले जातात, हा सांगाडा जसाच्या तसा उचललेला आहे, आणि लेखक बिल फिंगर यांनी पुढे ही उसनवारी मोकळेपणाने मान्य केली. नोव्हेंबर १९७३च्या बॅटमॅनच्या २५३व्या अंकात तर शॅडो पाहुणा म्हणून येतो आणि बॅटमॅन त्याला आपली प्रेरणा म्हणतो. म्हणजे ज्याला आपण मूळ समजतो तो स्वतः दुसरा होता, आणि त्याच्या येण्याने पहिला बंद पडला नाही. शॅडोचे मासिक त्यानंतर आणखी दहा वर्षे चालले.

याहून बोलके उदाहरण त्याच उन्हाळ्यातले आहे. जुलै १९३९च्या 'ब्लॅक बुक डिटेक्टिव्ह'मध्ये 'ब्लॅक बॅट' नावाचा नायक आला. टोनी क्विन या सरकारी वकिलाच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकले जाते, त्याची दृष्टी जाते, शस्त्रक्रियेने ती परत येते ती अंधारातही दिसण्याइतकी तीक्ष्ण होऊन. मग तो जगापुढे आंधळेपणाचे सोंग चालू ठेवतो आणि रात्री वटवाघळाच्या वेषात बाहेर पडतो. दोन प्रकाशक, दोन वटवाघळे, मध्ये जेमतेम दोन महिने. नकलेचे आरोप झाले, कोर्टाची भाषा झाली, आणि अखेर दोघांनीही आपापला नायक चालवावा अशी तडजोड झाली. ब्लॅक बॅट १९५०च्या दशकात स्वस्त कथामासिकांचा धंदाच बसेपर्यंत छापला जात होता.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड हे कायद्याबाहेरचे दोन्ही नायक एकाच लेखणीतून चालवले आणि लायब्ररीत दोघांनाही मागणी होती. कोलंबिया या स्टुडिओने तेच पडद्यावर केले. दर आठवड्याला एक भाग दाखवायचा, असे पंधरा भागांचे चित्रपट ते काढत. १९३८मध्ये 'स्पायडर' (हा शॅडोला टक्कर द्यायलाच जन्माला घातलेला मासिकातला नायक, मार्व्हलच्या स्पायडरमॅनशी त्याचा संबंध नाही), १९४०मध्ये शॅडो, १९४३च्या जुलैत बॅटमॅन आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात फँटम, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याला घरच्यासारखा वाटणारा वेताळ. एकाच स्टुडिओला एका वर्षात दोन मुखवटेवाले झेपले. १९६६मध्ये विल्यम डोझियर या एकाच निर्मात्याचे बॅटमॅन आणि ग्रीन हॉर्नेट एबीसी वाहिनीवर एकाच वेळी चालू होते. हॉर्नेट २६ भागांत संपला, बॅटमॅन १२० भागांपर्यंत गेला. पण हॉर्नेटचा साथीदार काटो रंगवणारा नट पुढे जगभर गाजला, तो ब्रूस ली.

आता खरा मुद्दा, पैशाचा. टिम बर्टन यांचा 'बॅटमॅन' २३ जून १९८९ रोजी लागला आणि त्याने जगभरात सुमारे ४१ कोटी डॉलरची तिकिटे विकली. त्यानंतरच्या पाच वर्षांत त्याच वळणाचे तीन चित्रपट आले. सॅम रायमी यांना शॅडोच करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचा नायक रचला आणि ऑगस्ट १९९०मध्ये 'डार्कमॅन' आला. खर्च दीड कोटी डॉलरच्या आसपास, जगभरची तिकीटविक्री सुमारे ४ कोटी ९० लाख. मे १९९४मध्ये 'द क्रो' आला. खर्च २ कोटी ३० लाख, एकट्या अमेरिकेत तिकीटविक्री ५ कोटींच्या थोडी वर. आणि १ जुलै १९९४ला ॲलेक बाल्डविनचा 'द शॅडो'. खर्च ४ कोटी, जगभरची विक्री सुमारे ४ कोटी ८० लाख.

डार्कमॅन आणि शॅडो यांच्या विक्रीत काही लाखांचाच फरक आहे. तरी पहिल्याला यशस्वी म्हणतात, त्याचे व्हिडिओवर दोन पुढचे भाग निघाले. दुसऱ्याचे नाव अपयशाच्या यादीत आहे. फरक प्रेक्षकांत नव्हता, खर्चात होता. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहाकडे राहतो, परदेशात त्याहून जास्त. जाहिरात आणि प्रिंटचा खर्च वेगळा. म्हणून निर्मितीखर्चाच्या दोन ते अडीच पट तिकीटविक्री झाली, तर चित्रपट जेमतेम पाण्याबाहेर डोके काढतो. पाच कोटींची विक्री धरली तर निर्मितीखर्च दोन कोटींच्या आत हवा. डार्कमॅन तिथे बसतो, क्रो एकट्या अमेरिकेतल्या विक्रीवरही जवळपास त्या रेषेवर बसतो आणि शॅडो तिच्या दुप्पट वर जातो. त्या काळात बॅटमॅनच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नायकाला निदान पाच कोटी डॉलरच्या आसपासचा प्रेक्षक नक्की होता, तीनदा मोजून मिळालेला. हा प्रेक्षक लहान नाही. त्याला पुरेल एवढाच खर्च करायला हवा होता.

शॅडोचा पैसा गेला कुठे, हे पडद्यावरच दिसते. कथा १९३०च्या दशकातली असल्याने न्यूयॉर्कचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक मोटार, खिडकीबाहेरची प्रत्येक इमारत नव्याने उभी करायची. त्यात एक सुंदर जागा आहे. शॅडोचा निरोप छोट्या नळकांड्यात घालून हवेच्या दाबाने नळ्यांतून शहरभर पाठवला जातो आणि कॅमेरा त्या नळकांड्यामागे वळणे घेत धावतो. हे दृश्य खर्चाचे आहे, आणि तो खर्च योग्य आहे, कारण शॅडोचे जाळे शहरात किती खोल गेले आहे ते त्यातून न बोलता कळते. पण अशा दोन-तीन जागांवर पैसा ओतून बाकीची कथा चार खोल्या, एक टॅक्सी आणि धुके यांत बसवता आली असती. गिब्सन यांच्या कादंबऱ्या बहुतेक तशाच आहेत.

दुसरी गोष्ट तारखेची. १९९४च्या उन्हाळ्यात बॅटमॅनचा चित्रपट नव्हताच. मागचा जून १९९२ला येऊन गेला होता, पुढचा जून १९९५ला यायचा होता. शॅडोला ज्याच्याशी सामना करावा लागला तो एक सिंहाचा छावा होता. 'द लायन किंग' २४ जूनला देशभर लागला, १ जुलैला शॅडो, ६ जुलैला 'फॉरेस्ट गम्प', १५ जुलैला 'ट्रू लाइज'. शॅडोची सुरुवात वाईट नव्हती. पहिल्या आठवड्याअखेर सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर आणि दुसरा क्रमांक. पण पुढच्याच आठवड्यात मोठे पडदे नव्या चित्रपटाकडे जातात, दुसऱ्या क्रमांकावरच्याला लहान पडदा आणि अडनिडी वेळ मिळते, आणि तोंडी प्रसिद्धीने उभा राहायला लागणारा तिसरा आठवडा त्याच्या नशिबी येत नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेला कॉमिकमधलाच 'द मास्क' लागला आणि त्याने जगभर ३५ कोटी डॉलरची मजल मारली. मुखवट्याचा कंटाळा प्रेक्षकाला आला नव्हता.

वेताळाचे तर याहून वाईट झाले. पॅरामाउंटचा 'द फँटम' ७ जून १९९६ला लागला. त्याच दिवशी 'द रॉक' लागला, आणि दोनच आठवडे आधी खुद्द पॅरामाउंटचाच 'मिशन : इम्पॉसिबल' येऊन बसला होता. साडेचार कोटींच्या चित्रपटाने अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास गोळा केले. यात बॅटमॅनचा दोष काढता येत नाही. तारखेची ही चूक आपल्याकडेही झाली आहे. ७ जून २००२ या एकाच शुक्रवारी भगतसिंगांवरचे दोन मोठे हिंदी चित्रपट लागले आणि तिसरा त्याआधीच्या शुक्रवारी येऊन गेला होता. त्यांतल्या एकाला पुढे सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा आणि त्याच्या नायकाला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी तिकीटबारीवर तोही उभा राहिला नाही. उलट १९८३मध्ये जेम्स बाँडचे दोन प्रतिस्पर्धी चित्रपट, दोन वेगळे नट, दोन वेगळे निर्माते, असे असूनही जून आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या अंतराने आले आणि दोन्ही चालले : एकाची विक्री १८ कोटी ७० लाखांच्या पुढे, दुसऱ्याची १६ कोटी. तिथे तर नायकही तोच होता. माझ्या मते दोन सारख्या चित्रपटांत किमान बारा आठवडे हवेत, आणि दुसऱ्याने उन्हाळ्यापेक्षा ऑगस्टअखेर किंवा ऑक्टोबर धरावा. डार्कमॅन २४ ऑगस्टला लागला आणि पहिल्याच आठवड्यात अव्वल आला, तो समोर बलाढ्य कोणी नसल्यामुळे.

तिसरी गोष्ट कातडीची, आणि तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते. बॅटमॅनचा मुखवटा कपाळ, नाक आणि गाल झाकतो. ओठ आणि हनुवटी उघडी राहतात. शॅडोचा लाल रुमाल ओठ आणि हनुवटी झाकतो. डोळे आणि नाक उघडे राहतात. दोघांचे उघडे भाग बरोबर उलट आहेत. त्यामुळे दोघांचा अभिनय, प्रकाशयोजना आणि ध्वनी उलट व्हायला हवा. बॅटमॅनला वरून किंवा बाजूने लाइट दिला तरी चालतो. कानांची कड आणि जबड्याची रेघ उमटली की काम झाले. शॅडोला वरून लाइट दिला, तर रुंद काठाच्या टोपीची सावली नेमकी डोळ्यांवर पडते, म्हणजे चेहऱ्याचा जो एकच भाग दिसायचा तोच काळा होतो. म्हणून मुख्य दिवा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, कॅमेऱ्याजवळ आणावा लागतो. तो मोकळा सोडला, तर प्रकाश डगल्यावर सांडतो आणि काळा रंग करडा, मळका दिसू लागतो. उपाय जुन्या कृष्णधवल चित्रपटांपासून ठाऊक आहे : दिव्यापुढे वर आणि खाली दोन काळे कटर (प्रकाश अडवणाऱ्या पट्ट्या) लावायचे आणि चार बोटे रुंदीचा पट्टा फक्त डोळ्यांवर पाडायचा. नटाने त्या पट्ट्याबाहेर मान हलवायची नाही. डगला चकाकत्या सॅटिनचा नको. प्रकाश पिणारे लोकरीचे किंवा मखमलीचे कापड हवे. मग आकृती पार्श्वभूमीत पूर्ण बुडू नये म्हणून रस्ता पाण्याने ओला करून ठेवायचा आणि मागचे दिवे त्यात चमकू द्यायचे, म्हणजे काळ्या आकृतीची कड आपोआप सुटते.

तोंड झाकलेले असल्याने सेटवरचा आवाज दबलेला येतो आणि जवळपास प्रत्येक संवाद नंतर डब करावा लागतो. यात फायदा आहे, कारण ओठ दिसत नसल्यामुळे वाक्य शेवटपर्यंत बदलता येते. तोटा असा की वाक्य लांबले की आवाज त्या माणसाचा वाटत नाही, कुठून तरी चिकटवल्यासारखा येतो. सहा-सात शब्दांपुढे जाऊ नये. शॅडोच्या हसण्याला रेडिओवर एवढी किंमत होती ती याचमुळे. शब्द नसलेला आवाज कुठूनही आलेला चालतो.

याउलट बॅटमॅनची अडचण मानेची. १९८९च्या पोशाखात रबरी मुखवटा खांद्यांना जोडलेला होता, मायकल कीटनना मान वळवता येत नसे, म्हणून ते कमरेपासून अख्खे वळत. त्या अडचणीतून जी ताठर, पुतळ्यासारखी हालचाल तयार झाली तीच लोकांनी बॅटमॅनची ओळख मानली. २००८च्या 'द डार्क नाइट'साठी मुखवटा मानेपासून वेगळा केला, तेव्हा कुठे मान मोकळी झाली. दुसऱ्या नायकाच्या चित्रपटात ही ताठर चाल, तो रबरी स्नायूंचा पोशाख, तेच भरदार ब्रास वाद्यांचे संगीत आणले की प्रेक्षकाला उसने लगेच ओळखू येते. डार्कमॅनला बॅटमॅनचेच संगीतकार डॅनी एल्फमन मिळाले आणि तिथे तो चित्रपट किंचित कमी स्वतःचा वाटतो. 'द क्रो'ने रॉक गाणी घेतली, पाऊस घेतला, पांढरा रंगवलेला चेहरा घेतला, आणि त्याला बॅटमॅनचा धाकटा भाऊ कोणी म्हटले नाही.

शॅडोपुढे एक खास पेच आहे. रेडिओवर १९३७पासून, ऑर्सन वेल्स यांच्या आवाजात, तो लोकांच्या मनावर पडदा टाकून अदृश्य होऊ लागला. रेडिओवर अदृश्य होणे फुकट असते. पडद्यावर अदृश्य झाला की तुम्ही पैसे मोजलेला नटच फ्रेममधून जातो. १९९४च्या चित्रपटातला न्यूयॉर्कमधला पहिला प्रसंग हा पेच उत्तम सोडवतो : रात्रीचा पूल, पाय सिमेंटमध्ये घट्ट बसवलेला एक माणूस, त्याला नदीत ढकलायला आलेले गुंड, आणि चहूबाजूंनी येणारे हसू. नायक दिसत नाही. दिसतात ते धुक्यात वेड्यासारख्या गोळ्या झाडणारे गुंड. भीती दाखवण्यासाठी ज्याला भीती वाटते त्याचा चेहरा पुरतो. असे तीन-चार प्रसंग अख्खा चित्रपट उचलू शकले असते. पुढे मात्र नायकाला प्रतिनायकासमोर उभे करून तोडीस तोड मनोबलाचे सामने लावले, आणि तिथे तो इतर कुठल्याही नायकासारखा झाला.

त्याच पुलावर शॅडोला बॅटमॅनपासून वेगळे काढणारी सर्वांत मोठी गोष्टही दडलेली आहे. वाचवलेल्या माणसाला शॅडो सांगतो, की आता तुझे आयुष्य माझे. गिब्सन यांच्या पहिल्याच कादंबरीत हॅरी व्हिन्सेंट नावाचा तरुण धुक्यात पुलावरून उडी मारायला निघतो, शॅडो त्याला मागे ओढतो आणि त्या बदल्यात त्याची निष्ठा मागतो. टॅक्सीवाला, टेलिफोनवर बसणारा बरबँक, वर्तमानपत्रातला असे ऋणकरी शहरभर पसरलेले आहेत. बॅटमॅन आईवडिलांच्या खुनाने पछाडलेला एकटा माणूस आहे. त्याची गोष्ट आतून सांगावी लागते. शॅडोची गोष्ट बाहेरून, त्याच्या ऋणात अडकलेल्या साध्या माणसाच्या नजरेतून सांगायला हवी. ज्याला तो वाचवतो त्याला मोकळे सोडत नाही, हा त्यातला काटा आहे. पैसे नसलेल्या निर्मात्याला हे वरदान आहे, कारण मग नायक दोन तासांत वीस मिनिटे दिसला तरी पुरतो आणि बाकीचा वेळ रस्त्यावरच्या माणसांचा असतो.

२००८ साली 'द डार्क नाइट'ने शंभर कोटी डॉलरच्या आसपास मजल मारली आणि त्याच डिसेंबरात 'पनिशर : वॉर झोन' आणि 'द स्पिरिट' हे दोन्ही आपटले, हे उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्ध दिले जाते. 'पनिशर'चा खर्च साडेतीन कोटी, विक्री कोटीभर. 'स्पिरिट'चा खर्च सहा कोटी, विक्री चार कोटींच्या आत. पण त्या दोघांमध्ये वीसच दिवसांचे अंतर होते, बॅटमॅन त्यांच्या पाच महिने आधी येऊन गेला होता. शिवाय 'स्पिरिट'ने २००५च्या 'सिन सिटी'चा काळा-पांढरा-लाल साज जसाच्या तसा वापरला. चित्रकथाकार विल आयस्नर यांचा मूळ स्पिरिट हसरा, निळ्या सुटातला माणूस आहे. त्याला दुसऱ्याच्या काळोखात नेऊन ठेवले. मला हे अपयश अगदी स्वाभाविक वाटते आणि आयस्नर यांच्या चाहत्यांसाठी वाईटही वाटते.

त्याच्या शेजारी मार्च २०२२ ठेवून पाहा. ४ मार्चला मॅट रीव्हज यांचा 'द बॅटमॅन' चित्रपटगृहांत लागला आणि त्याने ७७ कोटी डॉलरच्या आसपास मजल मारली. ३० मार्चला, म्हणजे तो अजून पडद्यावर असतानाच, मार्व्हलचा 'मून नाइट' सहा भागांच्या मालिकेतून आला. वर्षानुवर्षे ज्याला मार्व्हलचा बॅटमॅन म्हटले जाते तो हा नायक. मालिकेने काय केले? पोशाख पांढरा ठेवला, शहर लंडन आणि मग कैरो घेतले, आणि नायकाच्या डोक्यात एकाहून अधिक माणसे राहतात हे केंद्रस्थानी आणले. इजिप्तच्या देवतेचा पाश त्याच्या गळ्यात आहे. दोघांची तुलना झाली, भांडण झाले नाही.

खरी गुंतागुंत एकाच नायकाची दोन रूपे एकाच मालकाने चालवण्यात आहे, आणि आपल्या लेखाने तिथे जास्त जागा द्यायला हवी होती. ३१ जानेवारी २०२३ रोजी डीसी स्टुडिओजने रीव्हज यांची चित्रपटमालिका वेगळी चालू ठेवून, एकमेकांत गुंफलेल्या आपल्या मुख्य चित्रपटांसाठी दुसऱ्या बॅटमॅनचा 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' जाहीर केला. त्यात बॅटमॅनचा साथीदार रॉबिन म्हणून त्याचाच मुलगा डेमियन असणार आहे. हे शक्य आहे, पण इथे पोस्टरवर नाव तेच, चिन्ह तेच, दुकानातली खेळणीही तीच. जाणकार चाहता गोंधळत नाही. मुलांना घेऊन आलेला पालक गोंधळतो. रीव्हज यांचा चित्रपट अमेरिकेत तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र घेऊन आला, लांबी जवळपास तीन तास, आणि तो मूळचा गुन्हेशोध आहे. दुसरा बॅटमॅन बाप-लेकाची गोष्ट म्हणून उजेडात, रंगांत, पावणेदोन-दोन तासांत आणला तर फरक पोस्टरवरूनच कळेल. तोही पावसात आणि त्याच करड्या रंगात आला, तर दोघांचे नुकसान होईल. २०१९च्या 'जोकर'ने बॅटमॅनला प्रौढ रूपात आणलेच नाही, खर्च सात कोटींच्या आत ठेवला, भारतात 'ए' प्रमाणपत्रासह लागला आणि जगभर शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेला. वेगळेपण प्रमाणपत्रापासून सुरू होते, हे त्याने दाखवले.

कायद्याचीही भीती उगाच बाळगली जाते. १९४० साली सुपरमॅनच्या प्रकाशकांनी 'वंडर मॅन'वर खटला जिंकला, तेव्हा न्यायालयाने नेमके हेच वेगळे केले : अचाट ताकदीचा परोपकारी माणूस ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही, पण साध्या कपड्यांखाली घट्ट पोशाख, हाताने चुरडलेले पिस्तूल, अंगावरून उडणाऱ्या गोळ्या, इमारतींवरून उड्या, ही घटनांची नेमकी मांडणी उचलणे म्हणजे चोरी. २०१५मध्ये बॅटमोबिलच्या खटल्यात ठरले, की एखादी गोष्ट दर वेळी ओळखता येण्याइतकी ठरीव आणि खास वेगळी असेल, तर मोटारीलाही पात्राचे संरक्षण मिळते. म्हणून अशा पटकथेवर काम करणाऱ्याने वाहन, चिन्ह, अड्डा, नोकर आणि आईवडिलांचा गल्लीतला खून ही पाच नावे भिंतीवर लावून ठेवावीत आणि त्यांना हात लावू नये. रात्र, डगला, श्रीमंतीचे सोंग आणि गच्ची या सर्वांच्या आहेत.

हे आत्ता लिहिण्याचे कारण असे, की अमेरिकी कायद्यातली ९५ वर्षांची मुदत संपून १९३१ची शॅडो मासिके १ जानेवारी २०२७ला सर्वांसाठी खुली होतात. बॅटमॅनची पहिली गोष्ट २०३५ला. मधली आठ वर्षे शॅडोवर बरेच हात पडतील. हॅरी व्हिन्सेंट, बरबँक, लॅमॉन्ट क्रॅन्स्टन या श्रीमंताचे शॅडो घेतो ते सोंग हे १९३१चे आहे, ते घेता येईल. अदृश्य होण्याची विद्या आणि साथीदार मार्गो लेन ही १९३७च्या रेडिओची, केंट ॲलर्ड हे त्याचे खरे नाव १९३७च्या मासिकातले, १९९४च्या चित्रपटातला प्रतिनायक शिवान खान १९३९चा. यांना तेव्हा हात लावता येणार नाही. शिवाय नाव आणि चिन्ह यांवरचे ट्रेडमार्क मुदतीबरोबर संपत नाहीत, त्यामुळे शीर्षक ठेवताना वकिलाला विचारावेच लागेल. म्हणजे कायदाच निर्मात्याला अदृश्य न होणारा, दोन पिस्तुलांचा, धुक्यातला आणि माणसांच्या जाळ्यावर जगणारा शॅडो करायला लावणार आहे. तोच बॅटमॅनपासून सर्वांत लांबचा आहे आणि तोच दोन कोटी डॉलरमध्ये होण्यासारखा आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे